उंच वाफ्यातला लसूण हिवाळ्यात का दगावतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिवाळ्यात जमीन गोठते अशा ठिकाणी, लाकडी फळ्यांच्या ४० सेंटिमीटर उंच वाफ्यात गेल्या वर्षी लसणाच्या १०० पाकळ्या लावल्या. वाफा १.२ मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब. थंडी सरल्यावर ३७ उगवल्या, त्याही बहुतेक मधल्या ओळींतल्या. शेजाऱ्यांनी साध्या जमिनीत लावलेला लसूण मात्र जवळजवळ सगळा तगला. यंदा पुन्हा लावावा का? लावायचा तर कधी, किती खोल, आणि वर पेंढा किती घालायचा?

लावा. त्याच वाफ्यात लावता येईल की नाही ते पुढे बघू, पण लसूण सोडू नका. तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आलंय. मधल्या पाकळ्या जगल्या, कडेच्या गेल्या, आणि जमिनीतला लसूण तगला. म्हणजे तुमच्याकडचा हिवाळा लसणाला झेपतो. जे काही बिघडलं ते वाफ्याच्या कडांना बिघडलं.

लसूण मुळात थंडीला भिणारं पीक नाही, उलट थंडी ही त्याची गरज आहे. पाकळीला शून्य ते दहा अंश सेल्सिअसमधली थंडी सहा-आठ आठवडे मिळाली नाही, तर पुढे पात छान वाढते पण गड्डा पाकळ्यांत फुटत नाही. हाती येतो एकच गोल कांदा. थंडी पोटात गेलेली पाकळी मात्र दिवस मोठा आणि उबदार व्हायला लागला की गड्डा धरते. त्यामुळे थंडीला दोष देऊन वाफा कसा गरम ठेवता येईल याच्या मागे लागलात, तर आगीतून फुफाट्यात.

मग पाकळ्या मारतं कोण? मातीचं पुन्हा पुन्हा गोठणं आणि वितळणं.

साध्या जमिनीत थंडी एकाच बाजूने, वरून उतरते, आणि खालची खोल माती आपली ऊब हळूहळू वर पाठवत राहते. उंच वाफा म्हणजे हवेत उचलून ठेवलेली माती. तिला वरून थंडी लागते आणि चारही फळ्यांतूनही लागते. त्यामुळे ती जमिनीच्या आधी गोठते, आणि खरी मेख ही की ऊन पडलं की जमिनीच्या आधी वितळतेही. सूर्याकडे तोंड असलेल्या फळीला निरभ्र दुपारी हात लावून बघा. हवा शून्याखाली असली तरी फळी कोमट लागते. तिच्यामागची चार बोटं माती दुपारी सैल होते आणि रात्री पुन्हा दगड होते. असं कित्येक दिवस चालतं.

माती गोठते तेव्हा तिच्यातलं पाणी नुसतं फुगत नाही. गोठलेल्या थराकडे खालची ओल ओढली जाते आणि तिथे बर्फाचे पातळ पापुद्रे साठत जातात. पापुद्र्यावर पापुद्रा चढला की वरची माती उचलली जाते, आणि तिच्यात घट्ट धरलेली पाकळीही. बर्फ वितळला की माती खाली बसते, पण पाकळीखालच्या पोकळीत तोवर मातीचे कण घरंगळलेले असतात. पाकळी पूर्वीच्या जागी जात नाही, दर फेरीला थोडी थोडी वर सरकत राहते. मुळं खाली अडकलेली असतात, ती तुटतात.

माझ्या पहिल्या उंच वाफ्यात हेच झालं होतं. बर्फ गेल्यावर पाहिलं तर कडेच्या ओळीतल्या पाकळ्या मातीवर उभ्या, कुणी मुद्दाम मांडून ठेवल्यासारख्या. मला वाटलं पक्ष्यांनी उकरल्या. रागारागाने वर जाळी बांधली. मग एक पाकळी उचलून पाहिली, तर बुडाशी तुटक्या मुळांचा झुपका होता, वाळून सुतळीसारखा झालेला. पक्ष्याने उपटलेल्या पाकळीला असली जुनी, वाळकी मुळं नसतात. पुढच्या वर्षीही जाळीच बांधली असती तर तेवढाच लसूण पुन्हा गेला असता.

म्हणून इथून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं. वाफा उबदार ठेवायचा नाही, त्याचं तापमान एकसारखं ठेवायचं. एकदा गोठला की हिवाळा संपेपर्यंत गोठलेलाच राहू दे.

पण त्याआधी गेल्या वर्षीच्या ६३ पाकळ्या कशाने गेल्या याची खात्री करा. जिथे उगवलं नाही तिथे तेव्हा उकरून पाहिलं असेल तर आठवा. पाकळी वर आलेली, वाळलेली, पण आतून तशी शाबूत असेल तर वर सांगितलेला प्रकार. पाकळी जागेवरच असून तपकिरी लगदा झालेली असेल तर पाणी साचलं. निळसर-हिरवी बुरशी असेल तर ती बहुधा पेनिसिलियम, आणि मग बेणं फोडताना पाकळ्या चेचल्या गेल्या होत्या किंवा फोडून फार दिवस तशाच पडून होत्या. पाकळी धडधाकट पण बुडाला मुळांचे नुसते टोच असतील तर लावायला उशीर झाला.

आणखी एक शक्यता आहे आणि ती असली तर बाकीचं सगळं बाजूला ठेवावं लागेल. पाकळीभोवती किंवा जगलेल्या गड्ड्यांच्या बुडाशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात खसखशीपेक्षाही बारीक काळे दाणे दिसले होते का? ती पांढरी सड. तो काळा दाणा म्हणजे बुरशीचं बीजच समजा, आणि तो मातीत २० वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतो. त्या वाफ्यात मग लसूण नाही, कांदा नाही, त्या कुळातलं काहीच नाही. तिथली माती दुसऱ्या वाफ्यात न्यायची नाही आणि खुरपं-फावडं धुतल्याशिवाय दुसरीकडे वापरायचं नाही. सड नसेल तरी त्याच वाफ्यात लागोपाठ लसूण मी घेत नाही. तीन-चार वर्षांची फेरपालट ठेवतो. एकच वाफा असेल तर निदान यंदा तो वेगळ्या भाजीला द्या आणि लसणासाठी दुसरी जागा बघा. तशी जागा नसेल तर एक वर्षाचा खंड पडला तरी चालेल. पुढचं सगळं याच मापाचा उंच वाफा धरून सांगतोय.

बेण्याबद्दल. लसणाचे ढोबळ दोन प्रकार. एकाच्या मधोमध कडक दांडा असतो, त्याला नंतर फुलाची वळणदार शेंडी येते, आणि दांड्याभोवती एकाच फेरात मोजक्या, मोठ्या पाकळ्या बसतात. दुसऱ्याची मान मऊ असते, पाकळ्या पुष्कळ आणि थरांत रचलेल्या, आतल्या अगदी किरकोळ. कडाक्याच्या थंडीला पहिला प्रकार जास्त काटक. मऊ मानेचा जास्त टिकतो आणि त्याच्या वेण्या घालता येतात, पण उंच वाफ्यात पहिल्याच वर्षी तो लावू नका. एकदा वाफा ताब्यात आला की चार ओळी त्याच्याही लावून बघा. खाण्यासाठी विकत आणलेला लसूण बेणं म्हणून वापरायचा मोह होतो, पण तो कुठल्या हवेतला आहे, त्याला कोंब येऊ नयेत म्हणून काही केलंय का, आणि सोबत सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म जंत) किंवा सड येतेय का, हे कळायला मार्ग नसतो. पहिल्यांदा चांगलं, निरोगी बेणं घ्या. पुढच्या वर्षापासून ते तुमच्या घरचंच.

गड्डे लावणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या दिवशी फोडा. पाकळीवरचं साल काढायचं नाही, आणि बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात ती, मोडू द्यायची नाही. फोडताना गड्डा दोन्ही अंगठ्यांत धरून दांड्यापासून बाहेरच्या बाजूला उकलायचा. टेबलावर आपटून फोडला की चेचलेल्या पाकळ्या आठवडाभरात बुरशी धरतात. सगळ्यात मोठ्या पाकळ्या लावा आणि बारीक स्वयंपाकाला. इथे बहुतेकांचा हात उलटा चालतो, मोठ्या पाकळ्या खायला ठेवाव्याशा वाटतात. मोठी पाकळी मोठा गड्डा देते, आणि हिवाळा ओलांडायला तिच्या पोटात शिदोरीही जास्त असते.

लावायचं कधी? सगळीकडे सांगतात तसं, जमीन गोठायच्या चार ते सहा आठवडे आधी. तुमच्या बाबतीत ‘जमीन’ खोडून तिथे ‘वाफा’ लिहा. वाफा आधी गोठतो, म्हणून जमिनीत लावणाऱ्या शेजाऱ्यांच्या आठ-दहा दिवस आधी तुमची लावणी व्हायला हवी. गेल्या वर्षी त्यांच्याबरोबरच लावला असेल तर तुमच्या पाकळ्यांना मुळं धरायला तेवढाच वेळ कमी मिळाला. तारखेपेक्षा मातीचा थर्मामीटर बरा. सकाळी, १० सेंटिमीटर खोलीवर १० अंशांच्या आसपास आकडा आला की लावणी. फार लवकर, माती उबदार असताना लावलं तर कोंब वीतभर वर येतो आणि थंडीत करपतो. कोंब चार-सहा सेंटिमीटर आला तर मात्र घाबरू नका. वरची पात जळली तरी वाढीचा डोळा मातीखाली सुरक्षित असतो, हिवाळा सरला की तो नवी पात काढतो. आपल्याला हिवाळ्याआधी मुळं हवी असतात. पात आली नाही तरी चालते.

मुळं धरली की नाही हे बघायला मी दर वर्षी प्रत्येक वाफ्यात एक पाकळी जास्तीची लावतो. ती उपटायसाठीच. तीन आठवड्यांनी खुरप्याने तिच्या बाजूने माती सैल करायची आणि हळूच उचलायची. बुडाशी पांढऱ्या, ताठ मुळांचा चार-पाच सेंटिमीटरचा झुपका असेल, मातीचे ढेकूळ त्याला चिकटून येत असतील, तर बाकीचा वाफा निर्धास्त. मुळं सेंटिमीटरभरच असतील तर आच्छादनाचा पहिला थर लगेच घाला, म्हणजे माती आणखी काही दिवस गोठणार नाही आणि मुळांना तेवढी सवड मिळेल. चार-पाच अंशांपर्यंतच्या मातीतही लसणाची मुळं हळूहळू वाढत असतात.

खोली. साध्या जमिनीत पाकळीच्या टोकावर पाच सेंटिमीटर माती पुरते. तुमच्या वाफ्यात सात-आठ ठेवा. पण इथे उंच वाफ्याची एक लबाडी आहे, तिच्यात मीही फसलोय. नव्याने भरलेला किंवा भरपूर कंपोस्ट घातलेला वाफा खाली बसतो. लावताना मोजून आठ सेंटिमीटर माती होती, हिवाळ्याच्या तोंडावर पाच उरली, आणि कडेला तर आणखी कमी, कारण फळीजवळची माती ढासळते आणि दबते. म्हणून वाफा लावणीच्या निदान दोन आठवडे आधी भरून घ्या, दोनदा चांगलं पाणी देऊन बसू द्या, खड्डे पडतील तिथे माती घाला आणि मगच लावा. नुसत्या कंपोस्टवर वाफा भरू नका. निम्म्याहून जास्त खरी माती असू द्या. हलकं, फुसफुशीत मिश्रण पाकळीला धरून ठेवत नाही.

भोक पाडायची काठी टोकदार नको. टोकदार काठीने पाडलेल्या भोकात पाकळी मध्येच अडकते आणि तिच्या बुडाखाली निमुळती पोकळी राहते. त्या पोकळीत पाणी साचतं, गोठतं आणि पाकळीला खालून ढकलतं. मी फावड्याचा जुना दांडा कापून सपाट बुडाचा केलाय आणि त्यावर १२ सेंटिमीटरवर खिळ्याने खूण केलीय. खुणेपर्यंत दाबायचा, पाकळी बुडाला टेकवायची, माती लोटून वरून तळव्याने दाबायची. टोक वर, चकती खाली. उलटी लागली तरी उगवते, पण कोंबाला वळसा घालून वर यावं लागतं आणि गड्डा वाकडा होतो.

आता कडा. माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. १.२ बाय २.४ मीटरच्या वाफ्यात १०० पाकळ्या बसवायच्या म्हणजे बाहेरच्या ओळी फळीला चिकटून गेल्या असणार. यंदा चारही बाजूंनी १५ ते २० सेंटिमीटर पट्टा मोकळा सोडा. उरलेल्या जागेत २० सेंटिमीटरवर ओळी आणि ओळीत १५ सेंटिमीटरवर पाकळी धरली तर १५ पाकळ्यांच्या पाच ओळी होतात. म्हणजे ७५. शंभरावरून ७५ वर येताना जीवावर येतं हे मान्य, पण गेल्या वर्षीचा हिशेब ३७ चा आहे.

फळ्यांना बाहेरून पांघरूण घाला. सुक्या पाल्याने गच्च भरलेली पोती, पेंढ्याच्या गाठी, काहीही चालेल. फळीला टेकून लावायची, आणि सूर्याकडच्या बाजूला आधी. ही बाजू थंडीपेक्षा उन्हापासून वाचवायची आहे, कारण वितळणं तिथून सुरू होतं. पत्र्याचा वाफा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, पत्रा लाकडापेक्षा कितीतरी लवकर तापतो आणि निवतो.

पाणी हा हिवाळ्याच्या तयारीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. उंच वाफा दोन्ही बाजूंनी मार देतो. निचरा नसेल तर पाकळी कुजते, आणि निचरा फार चांगला असेल तर वाफा कोरडा पडून मुळं वाळतात. कोरडी माती गारही लवकर होते. ओल्या मातीतलं पाणी गोठताना ऊब सोडतं, त्यामुळे तिचं तापमान सावकाश उतरतं. लावणीनंतर एकदा खोलवर पाणी द्या, पुढे पाऊस नसेल तर आठवड्याला एकदा, आणि वाफा गोठायच्या चार-पाच दिवस आधी शेवटचं. मुठीत दाबली की ढेकूळ व्हावं आणि बोटाने टोचलं की फुटावं, असा वाफसा हवा. मुठीतून पाणी गळत असेल तर जास्त झालं.

आता आच्छादन, ज्याबद्दल तुम्ही विचारलंत. किती, याआधी कधी, हा प्रश्न आहे. लावणीच्या दिवशीच वीतभर पेंढा घालणारे पुष्कळ आहेत. अतिशय कडक, अचानक येणाऱ्या थंडीच्या जागी ते बरोबरही आहे. पण एरवी त्याने माती उबदार राहते, कोंब पेंढ्यातून वर डोकावतो आणि उंदरांना आयतं घर मिळतं. मी दोन हप्त्यांत घालतो. लावणीनंतर दोन-तीन बोटांचा पातळ थर, ओल टिकावी म्हणून. मग सकाळी वाफ्यावर बोटाने टकटक केली आणि वरचा पापुद्रा दिवसभर कडकच राहिला, असे दोन-तीन दिवस लागोपाठ गेले की वरून १० ते १५ सेंटिमीटरचा मुख्य थर. मुख्य थराचं काम थंडी अडवण्याचं नाही, आत आलेली थंडी टिकवण्याचं आहे. कडेला तो थर जाड आणि मध्ये थोडा कमी असला तरी चालतो. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, मध्ये ढीग आणि कडा उघड्या.

गव्हाचं काड सगळ्यात चांगलं, पोकळ नळ्यांमध्ये हवा राहते. सुकलेलं गवत टाळा, त्याचं बी वाफ्यात पडतं आणि तणाला तोंड देणं लसणाला जमत नाही. झाडांचा पाला चालतो, पण चुरा करून. अख्खी पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून चामड्यासारखा थर होतो, त्यातून हवा जात नाही आणि कोंब वर येऊ शकत नाही. काळं प्लास्टिक अंथरायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. उन्हात त्याच्याखालची माती तापते आणि आपण जे टाळायला बसलोय तेच रोज घडतं.

उंच वाफ्यावर वाराही जास्त लागतो. पेंढा उडतो आणि बर्फही उडतो. दुसरं नुकसान मोठं आहे. ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे नव्वद टक्के हवा, त्याच्याइतकी चांगली रजई तुम्ही विकत आणू शकत नाही. साध्या जमिनीवर तो साचतो, वाफ्याच्या माथ्यावरून वाहून जातो. पेंढ्यावर काटक्या-फांद्या आडव्यातिडव्या टाकून ठेवा. त्या पेंढा धरतात आणि बर्फही अडवतात. वाटा साफ करताना निघालेला बर्फ फावड्याने वाफ्यावर सोडा, मात्र मीठ टाकलेल्या वाटेवरचा नको, आणि थापटून दाबू नका. दाबला की हवा गेली.

हिवाळ्याच्या मध्ये चार उबदार दिवस येतात. बर्फ वितळतो, पेंढा ओला दिसतो आणि माणसाला उघडून बघायची हुक्की येते. बघू नका. ते चार दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात आणि आच्छादन नेमकं त्यांच्यासाठीच घातलंय. पाणी साचून तळं झालं असेल तरच बाजूची फळी थोडी सैल करून वाट करून द्या.

हिवाळा सरताना पेंढा एकदम ओढू नका. कोंबांची टोकं पेंढ्यात पिवळसर दिसायला लागली की निम्मा थर काढा, आठवड्याने आणखी थोडा, आणि दोन-तीन बोटं ओळींमध्ये राहू द्या, तण दबतं आणि ओल टिकते. वाफा लवकर तापतो म्हणून तुमचा लसूण शेजाऱ्यांच्या आधी वर येईल. त्यानंतर एखादी रात्र गोठली तर पातीची टोकं पिवळी पडतात, एवढंच. एखादी पाकळी वर सरकलेली दिसली तर ती ठोकून आत बसवू नका, उरलेली मुळंही तुटतील. आहे तिथेच तिच्याभोवती चार बोटं माती किंवा कंपोस्ट चढवा आणि दाबा. बरीच वाचतात.

खत पात वीतभर व्हायच्या आत द्या. नत्र लागतं ते या वेळी, गड्डा धरायला लागल्यावर नाही. उशिरा दिलेल्या नत्राने पात माजते आणि गड्डा मागे राहतो. पाणी आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पावसाइतकं, वाफा उंच असल्याने उन्हाच्या दिवसांत थोडं जास्त. कडक मानेच्या लसणाला फुलाचा दांडा येऊन एक वळसा घेतला की तो खुडा. ठेवला तर झाडाचा जोर तिकडे जातो आणि गड्डा लहान राहतो. खुडलेला दांडा उत्तम भाजी आहे.

काढणीच्या दोन आठवडे आधी पाणी तोडा. खालची तिसरा हिस्सा ते निम्मी पानं वाळली आणि वरची पाच-सहा हिरवी असली की काढा. प्रत्येक हिरवं पान म्हणजे गड्ड्यावरचा एक पदर. सगळी पात वाळायची वाट पाहिली तर पदर कुजतात आणि पाकळ्या उघड्या पडतात. सावलीत, खेळत्या हवेत तीन-चार आठवडे पातीसकट वाळवा. साठवताना फ्रिज टाळा, पाच-दहा अंशांच्या गारव्याला लसूण हिवाळा समजतो आणि कोंब काढतो. कोरड्या खोलीत तो जास्त दिवस राहतो.

यंदा लावणीची वेळ हुकली तर? माती खणता येतेय तोवर लावा, उशिरा लावलेला लसूणही कधीकधी निभावतो. तेही जमलं नाही तर फ्रिजची हीच खोड कामाला आणा. गड्डे न फोडता कागदी पिशवीत सहा-आठ आठवडे ठेवा आणि हिवाळा सरताना माती मोकळी झाली की लगेच लावा. गड्डे लहान येतील, पण पाकळ्यांचे येतील.

राहिले ते तुमचे ३७. ते अजून घरात असतील आणि त्यांच्या बुडाशी काळे दाणे, कापूस, मऊपणा यातलं काही नसेल, तर खाऊन टाकू नका. त्यातले सगळ्यात मोठे दहा-बारा निवडा. कडक मानेच्या जातींत गड्ड्याला चार ते दहा पाकळ्या निघतात, म्हणजे दहा-बारा गड्ड्यांत तुमच्या ७५ ची बरीचशी सोय होईल. कमी पडेल तेवढंच नवं बेणं आणा, ते वेगळ्या ओळींत लावा आणि ओळीच्या टोकाला काठीवर तसं लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा. शाई हिवाळ्यात धुऊन जाते.